गर्भपाताच्या प्रश्नावर आपल्या उमेदवाराची नोंद कशी तपासायची?

प्रचारसभेत उमेदवार ‘लेक वाचवा’ म्हणतो, टाळ्या पडतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत छापून येतं की अमुक भाऊंनी गर्भपाताविरुद्ध भूमिका घेतली. प्रत्यक्षात भाऊ बोलले लिंगनिदानाबद्दल. गर्भपाताबद्दल त्यांचं मत काय, हे त्या सभेत कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. विदर्भातल्या बहुतेक मतदारसंघांत हे असंच चालतं. अमेरिकेत 2022 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा हक्क मान्य करणारा 1973 चा निकाल फिरवल्यापासून तिथला उमेदवार ‘बाजूनं की विरोधात’ या एका प्रश्नावर मोजला जातो. तो चष्मा मेळघाटातल्या धारणीला किंवा गडचिरोलीतल्या भामरागडला लावून काहीच दिसत नाही. आपल्याकडे गर्भपात 1971 पासून ठरलेल्या अटींवर कायदेशीर आहे आणि कुठलाही मोठा पक्ष तो बंद करा म्हणत नाही. आपल्याकडचा खरा प्रश्न असा, की कायद्यानं दिलेली सेवा तालुक्याच्या दवाखान्यात मिळते का, आणि मिळत नसेल तर या माणसानं त्यासाठी काय केलं. त्याचं उत्तर बरंचसं कागदावर सापडतं. कागद कुठे आहेत आणि ते वाचताना कुठे चकायला होतं, ते पुढे क्रमानं दिलं आहे.

आधी कायदा, अर्ध्या पानात

कायदा माहीत नसेल तर उमेदवाराचं चुकीचं विधान आपल्याला चुकीचं वाटतच नाही, म्हणून एवढं पाठ असू द्या.

वैद्यकीय गर्भपात कायदा 1971 चा, लागू झाला 1 एप्रिल 1972 पासून. त्याची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष शांतीलाल शाह हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. 2021 च्या दुरुस्तीनंतर (लागू 24 सप्टेंबर 2021) चित्र असं आहे: 20 आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरचं मत पुरतं. 20 ते 24 आठवड्यांदरम्यान दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि ही मुभा नियमांत दिलेल्या गटांनाच आहे: लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रिया, अल्पवयीन मुली, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, अपंग, मानसिक आजार असलेल्या, गर्भात गंभीर दोष असलेल्या, आपत्तीत सापडलेल्या. 24 आठवड्यांनंतर गर्भात मोठा दोष असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं, आणि अर्ज आल्यापासून 3 दिवसांत मत देणं मंडळावर बंधनकारक आहे. बाईचा जीव वाचवण्यासाठी तातडीनं करावा लागला तर आठवड्यांची मर्यादा आड येत नाही.

अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची लेखी संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, सासूची तर नाहीच. 2021 च्या दुरुस्तीनं गर्भनिरोधक निकामी ठरल्याबद्दलच्या तरतुदीत ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ या शब्दांऐवजी ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आणले, आणि 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं 24 आठवड्यांपर्यंतच्या मुभेतून अविवाहितेला वगळता येणार नाही असं सांगितलं. बाईचं नाव उघड करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

लिंगनिदानाचा कायदा वेगळा आहे. महाराष्ट्रानं तो देशात सर्वांत आधी, 1988 मध्ये केला, केंद्राचा 1994 मध्ये आला. राज्यातलं बालकांचं लिंगगुणोत्तर 2001 च्या जनगणनेत हजार मुलग्यांमागे 913 मुली असं होतं, 2011 ला 894 झालं, म्हणून पुढाऱ्यांच्या भाषणात हाच कायदा जास्त ऐकू येतो. ‘भ्रूणहत्या’ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला की घोटाळा होतो. उमेदवाराच्या तोंडून तो शब्द आला तर लगेच विचारा: साहेब, लिंग तपासून केलेला म्हणता, की कुठलाही?

कोणती निवडणूक आहे ते पाहा

वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संसदेचा आहे. आमदार त्यातला स्वल्पविरामसुद्धा बदलू शकत नाही. त्यामुळे विधानसभेचा उमेदवार ‘मी कायदा कडक करीन’ म्हणाला, तर त्याला अधिकार कळलेला नाही किंवा आपल्याला कळत नाही असं त्यानं धरलं आहे.

आमदाराच्या हातात असतात ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय: तिथली स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञाची पदं, यंत्रसामग्री, बांधकाम, आणि हे सगळं विधानसभेत विचारण्याचा हक्क. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेच्या ताब्यात. खासदाराकडे कायदा, केंद्राचा निधी आणि संसदेतले प्रश्न. जिल्हा परिषदेच्या उमेदवाराला ‘24 आठवडे बरोबर की चूक’ विचारून वेळ घालवू नका. त्याला विचारा, की आपल्या आरोग्य केंद्रात गर्भपाताचं प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस डॉक्टर आहे का.

शपथपत्र: आधी हेच उघडा

लोकसभा आणि विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत नमुना 26 मधलं शपथपत्र द्यावं लागतं. ते निवडणूक आयोगाच्या शपथपत्रांच्या संकेतस्थळावर चढतं आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या फलकावरही लागतं. त्यात तीन जागा पाहायच्या.

पहिली, प्रलंबित आणि शिक्षा झालेली फौजदारी प्रकरणं. गर्भपाताशी संबंधित कलमं 1 जुलै 2024 आधीच्या गुन्ह्यांत भारतीय दंड संहितेची 312 ते 316 असतील, त्यानंतरच्या गुन्ह्यांत भारतीय न्याय संहितेची 88 ते 92. दोन्ही आकडे डोक्यात ठेवा, नाहीतर नवं प्रकरण नजरेतून सुटतं. लिंगनिदान कायद्याची प्रकरणं बहुतेकदा पोलिस ठाण्याच्या गुन्हा क्रमांकानं येत नाहीत, कारण समुचित प्राधिकारी (या कायद्याखाली नेमलेले अधिकारी) थेट प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार दाखल करतात. म्हणून ‘एफआयआर क्रमांक’ रिकामा दिसला तरी पुढे जाऊ नका, खाली न्यायालयाचा खटला क्रमांक आणि कायद्याचं नाव वाचा. खटला क्रमांक मिळाला की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा आणि तालुका न्यायालय निवडून त्याची सद्यःस्थिती दिसते. प्रलंबित म्हणजे दोषी नव्हे, एवढं भान मात्र ठेवा.

दुसरी, व्यवसाय. उमेदवाराचा आणि जोडीदाराचा. आपल्याकडे डॉक्टर उमेदवार काही कमी नाहीत.

तिसरी, मालमत्ता. दवाखाना, सोनोग्राफी यंत्र, औषधाचं दुकान, एखाद्या रुग्णालयातली भागीदारी. दवाखाना असणं हा गुन्हा नाही. पण स्वतःच्या खासगी रुग्णालयात गर्भपात होत असताना सरकारी रुग्णालयातली स्त्रीरोगतज्ज्ञाची जागा वर्षानुवर्षं रिकामी असेल, तर तो हितसंबंध मतदाराला ठाऊक असायला हवा.

फौजदारी प्रकरणं असतील तर उमेदवाराला ती प्रचारकाळात तीन वेळा वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर जाहीर करावी लागतात. ती जाहिरात बारीक टाइपात, आतल्या पानावर असते. वाचनालयातला गठ्ठा चाळा.

खासदाराची नोंद

खासदारानं 2021 च्या दुरुस्तीला मत कसं दिलं, हे सगळे विचारतात. सापडणार नाही. ते विधेयक लोकसभेत 17 मार्च 2020 ला आणि राज्यसभेत 16 मार्च 2021 ला मंजूर झालं, दोन्हीकडे आवाजी मतदानानं. आवाजी मतदानात कुणाचं नाव नोंदलं जात नाही. ‘मी या कायद्याच्या विरोधात मत दिलं’ किंवा ‘बाजूनं दिलं’ असं कुणी सांगत असेल, तर त्याला दुजोरा देणारी मतनोंद सभागृहात नाही. नावानिशी मतविभागणी झाली असती, तरी पक्षादेशामुळे ती पक्षाचीच नोंद ठरली असती.

म्हणून चर्चा वाचा. संसदेच्या संकेतस्थळावर लोकसभा निवडा, मग वादविवाद, मग 17 मार्च 2020. त्या दिवशी आपला खासदार बोलला का, बोलला असेल तर कशावर: खेड्यात डॉक्टर नाहीत यावर, वैद्यकीय मंडळ जिल्ह्यापासून किती लांब यावर, की नुसतं अभिनंदन करून खाली बसला? राज्यसभेत विधेयक प्रवर समितीकडे पाठवण्याची मागणी झाली होती आणि ती फेटाळली गेली, तिथली भाषणं जास्त टोकदार आहेत. 2024 मध्ये पहिल्यांदा निवडून आलेल्यांना मात्र ही फूटपट्टी लावता येत नाही.

त्यानंतर प्रश्न. सदस्याचं नाव आणि ‘आरोग्य व कुटुंब कल्याण’ मंत्रालय निवडून सगळी यादी काढा. शोधशब्द इंग्रजीतच टाकावे लागतात: ‘अबॉर्शन’ टाकून थांबू नका, ‘मेडिकल टर्मिनेशन’, ‘एमटीपी’ (गर्भपात कायद्याचं लघुरूप), ‘पीसीपीएनडीटी’ (लिंगनिदान कायद्याचं) आणि ‘मॅटर्नल’ असे पाचही पाहा. नावाचं स्पेलिंग संसदेत वेगळं असू शकतं, म्हणून सूचीतूनच निवडा. खासदार मंत्री असेल तर त्या काळात त्याचे प्रश्न शून्य दिसतील, कारण मंत्री प्रश्न विचारत नाहीत. ती त्याची निष्क्रियता नव्हे. संसदेच्या कामाची नोंद ठेवणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या पानावर हजेरी आणि प्रश्नसंख्या एकत्र मिळते, पण संख्येवर भाळू नका. 300 प्रश्नांत आरोग्याचा एकही नसतो असं होतं.

माणसाचं स्वतःचं मत सर्वांत स्वच्छ दिसतं ते खासगी विधेयकात, कारण ते पक्ष मांडत नाही, सदस्य मांडतो. ही विधेयकं बहुधा मंजूर होत नाहीत, तरी मांडलेला मसुदा सभागृहाच्या संकेतस्थळावर राहतो.

आमदाराची नोंद: इथे वेळ द्या

महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर अधिवेशनवार कामकाज असतं. मुंबईची अधिवेशनं पाहून थांबू नका. विदर्भातल्या आमदाराचे विदर्भाचे प्रश्न डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात जास्त येतात.

काय शोधायचं: तारांकित प्रश्न, अतारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा, आणि आरोग्य खात्याच्या मागण्यांवरची भाषणं. यात लक्षवेधीला वजन जास्त द्या, कारण तिच्यावर मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं.

तारांकित प्रश्नाच्या वर पुष्कळदा ‘सर्वश्री’ म्हणून दहा-वीस नावं असतात. एकच मजकूर अनेकांनी दिला की प्रश्न एकत्र केले जातात. यादीत सतराव्या नावाला असलेला आमदार पुढे कार्यअहवालात ‘मी सभागृहात आवाज उठवला’ असं छापतो. त्या दिवशीचं कामकाज उघडून तो उपप्रश्न विचारायला उठला का, हे बघा. न उठलेल्याचं नाव संभाषणात येतच नाही.

उत्तराची भाषाही शिकून घ्या. प्रश्नात ‘हे खरे आहे काय’ असं एकामागून एक येतं आणि उत्तरात ‘अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. यातलं ‘अंशतः खरे आहे’ सोन्यासारखं. पद रिक्त आहे हे तिथे शासनानं कबूल केलेलं असतं. पुढच्या अधिवेशनात त्याच पदाबद्दल आमदारानं पुन्हा विचारलं का? एकदा विचारून सोडून दिलेला प्रश्न बहुतेकदा बातमीपुरता असतो.

जुन्या पीडीएफ स्कॅन केलेल्या किंवा जुन्या मराठी फाँटमधल्या असतात, शोधखिडकीत शब्द टाकला की ‘काही सापडले नाही’ येतं. त्याचा अर्थ नोंद नाही असा होत नाही. तारीखवार सूची हातानं चाळायची. एका अधिवेशनाला दोन-अडीच तास लागतात, पाच वर्षांची नोंद दोघा-तिघांनी वाटून घेतली तर आठवड्यात होते.

एक कसोटी घटना हाताशी ठेवा. जानेवारी 2022 मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीत एका खासगी रुग्णालयाच्या आवारातल्या बायोगॅस टाकीत भ्रूणांच्या कवट्या आणि हाडं सापडली. प्रकरण उघड झालं ते एका अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताच्या तक्रारीवरून. त्यानंतर राज्यभर दवाखाने तपासा, परवाने बघा अशा मागण्या झाल्या. आपला आमदार त्या वेळी काय बोलला ते त्या महिन्यांच्या स्थानिक अंकांत शोधा. फक्त ‘फाशी द्या’ म्हणाला, की त्या वयाच्या मुलीला सरकारी दवाखान्यात गुपचूप आणि वेळेत सेवा का मिळू शकत नाही हेही विचारलं? दुसरा प्रश्न विचारणारा विषय समजलेला असतो. छापासत्र सुरू झालं की औषध दुकानदार गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच बंद करतात, त्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर कायदेशीर असल्या तरी. मग बाई कुठे जाते, ते गावाला माहीत असतं.

जिल्हा परिषद

सर्वसाधारण सभा आणि आरोग्य समितीची इतिवृत्तं मागा. अमरावती, यवतमाळ, वर्धा, बुलढाणा, चंद्रपूर, गडचिरोली इथे 2017 च्या सभागृहांची मुदत मार्च 2022 मध्ये संपून प्रशासक आले, म्हणजे माजी सदस्याची नोंद त्याआधीच्या पाच वर्षांतच शोधायची. रुग्ण कल्याण समितीचं इतिवृत्तही पाहा. नवख्या उमेदवाराची काहीच नोंद नसते, त्याला कोरी पाटी समजा आणि सरळ प्रश्नांकडे वळा.

माहितीचा अधिकार: उमेदवाराचं पत्र असं सापडतं

‘मी पाठपुरावा केला’ हे वाक्य तपासायला याहून चांगलं हत्यार नाही. पाठपुरावा केला असेल तर पत्र असतं, पत्र असेल तर आवक क्रमांक असतो. अर्ज जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. दारिद्र्यरेषेखालील असाल तर शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द, हा नियम न पाळल्यानं अर्ज परत येतात. म्हणून दोन अर्ज करा.

पहिल्याचा मजकूर: ‘अमुक ग्रामीण रुग्णालयात 1 एप्रिल 2020 पासून आजपर्यंत स्त्रीरोगतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ यांची मंजूर, भरलेली व रिक्त पदे वर्षनिहाय द्यावीत. वैद्यकीय गर्भपाताचे प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांची संख्या व या रुग्णालयात झालेल्या वैद्यकीय गर्भपातांची वर्षनिहाय एकूण संख्या द्यावी.’

दुसऱ्याचा: ‘वरील पदे भरण्याबाबत 1 एप्रिल 2020 पासून आजपर्यंत लोकप्रतिनिधींकडून आलेल्या पत्रांच्या, व त्यावर कार्यालयाने केलेल्या कार्यवाहीच्या प्रती द्याव्यात.’

आकडे वर्षाचे मागा, महिन्याचे नको. छोट्या तालुक्यात एखाद्या महिन्यात एकच बाई असते आणि गावात ती ओळखू येते. नाव, वय, गाव, जात कधीही मागू नका, ते देताही येत नाही.

30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे: नागपूर विभागाचं खंडपीठ नागपुरात, अमरावती विभागाचं अमरावतीत. निवडणूक जाहीर झाल्यावर अर्ज टाकला तर उत्तर मतदानानंतर येईल. चार-पाच महिने आधी सुरुवात करा.

गर्भपातांची संख्या ‘निरंक’ (म्हणजे शून्य) आली तर खूश होऊ नका. 30 खाटांच्या रुग्णालयात पाच वर्षं निरंक म्हणजे गरज नव्हती असं नाही, सेवाच नव्हती. त्या बाया अमरावतीच्या डफरीन रुग्णालयात, नागपूरच्या डागा रुग्णालयात किंवा मेडिकलला गेल्या, किंवा कुठे गेल्या ते कागदावर नाही. धारणीहून अमरावती जवळपास दीडशे किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडहून बाहेरच पडता येत नाही, आणि आठवडे मोजायचं काम काही थांबत नाही.

तोंडावर विचारायचे प्रश्न

ग्रामसभेत, बचत गटाच्या बैठकीत, दारावर आल्यावर. गोल प्रश्नाला गोल उत्तर मिळतं, म्हणून ‘तुमची भूमिका काय’ असं विचारूच नका. ‘भाऊ, आपल्या दवाखान्यात डाक्टरीन बाई कवा येईन?’ हा प्रश्न कुठल्याही भूमिकेपेक्षा जड पडतो. त्यापाठोपाठ हे:

अठरा वर्षांवरच्या बाईकडून दवाखान्यात नवऱ्याची सही मागतात. कायद्यात नाही. तुम्ही निवडून आलात तर लेखी सूचना काढायला लावाल का?

गर्भपाताच्या सेवेसाठी एमबीबीएस आणि प्रशिक्षण लागतं. आपल्या आदिवासी भागातल्या कितीतरी केंद्रांत बीएएमएस (आयुर्वेदाचे) डॉक्टरच असतात. 2014 च्या केंद्राच्या मसुद्यात आयुष डॉक्टरांना परवानगी देण्याचा विचार होता, 2021 च्या कायद्यात तो आला नाही. तुमचं मत काय? (खासदारकीच्या उमेदवाराला हा प्रश्न हमखास विचारा. डॉक्टरांच्या संघटना एका बाजूला आणि दुर्गम गावं दुसऱ्या बाजूला असल्यानं इथे खरं मत बाहेर येतं.)

अल्पवयीन मुलगी गरोदर राहिली तर पोक्सोखाली (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवावं लागतं, या भीतीनं घरचे तिला दवाखान्यात आणत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या निकालानुसार मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरनं तिची ओळख पोलिसांना न सांगताही कळवता येतं. हे तुम्हाला माहीत आहे का, आणि तालुक्याच्या डॉक्टरांना माहीत आहे का?

प्रश्न बाईनं विचारलेला बरा, पण एकटीनं नको. चार-पाच जणी मिळून, एकीनं विचारायचं आणि दुसरीनं लिहायचं: तारीख, ठिकाण, प्रश्न, उत्तराचे जसेच्या तसे शब्द. ‘बघू’, ‘वरती बोलतो’, ‘हा नाजूक विषय आहे’ हेही उत्तरच आहे, तेही लिहा. कुणाही बाईचं प्रकरण उदाहरण म्हणून सांगायचं नाही, तिची परवानगी असली तरी गावासमोर नाही.

व्हॉट्सॲपवर आलेलं

मतदानाच्या आठवड्यात ‘अमुक उमेदवारानं स्वतःच्या मुलीचा गर्भपात केला’ छापाचे संदेश फिरतात. खरं असो की खोटं, त्याला हात लावू नका. उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल खोटं विधान पसरवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 175 खाली गुन्हा आहे, आणि खरं असेल तर त्या मुलीची ओळख उघड होते. भाषणाची तुकडा-चित्रफीत आली तर पूर्ण भाषण शोधा. ‘भ्रूणहत्या करणाऱ्यांना सोडणार नाही’ या वाक्याच्या आधी ‘लिंगनिदान’ हा शब्द कापलेला असतो, असं पुष्कळदा निघतं. बातमी असेल तर छापील अंकाची तारीख आणि पान लिहून ठेवा, कारण संकेतस्थळावरची बातमी नंतर बदलते.

गोळा झालेलं सगळं एका पानावर मांडा: डावीकडे उमेदवार काय म्हणाला, उजवीकडे कागद काय सांगतो, शेवटी तारीख आणि कागदाचा क्रमांक. क्रमांक नसलेली ओळ पानावर ठेवू नका. पान छापून गावात वाटायचं असेल तर त्यावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा, निवडणूक कायदा तो मागतो, आणि तो नसला की पहिली तक्रार तुमच्यावरच होते.